तिसरी फांदी : हॉलंड, अमेरिका आणि इतवारीतला एक कागद

(इतवारी, नागपूर इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

  बाहेर बाजार सुरू आहे, हातगाड्यांचा आवाज मधूनमधून येणार. इतवारीत व्याख्यान ठेवलं की ते धरूनच चालावं लागतं.

आजचा विषय वंशावळ. सुरुवात मात्र नागपुरातून नाही, अमेरिकेतून करू. मिशिगन राज्यात हॉलंड नावाचं एक गाव आहे. तिथल्या शाळेत सहावीतल्या एका मुलीला गृहपाठ मिळाला : आपल्या घराण्याचा वंशवृक्ष काढून आणा. मुलगी मोठा कागद घेऊन बसली. वडिलांची फांदी अमेरिकन. आईचे आईवडील नेदरलँड्सच्या उत्तरेकडल्या ग्रोनिंगन भागातले, म्हणून दुसरी फांदी डच. आणि आई स्वतः? आई १९७९ साली नागपुरात जन्मली आणि काही महिन्यांची असताना एका डच जोडप्याकडे दत्तक गेली. ही झाली तिसरी फांदी. तिच्यावर लिहायला मुलीकडे काय होतं? एक टाइप केलेला कागद, आणि त्यावर ‘इतवारी’ हा एक शब्द.

आधीच सांगतो, ही मुलगी आणि ही आई कोणी एक घर नव्हे. अशा शोधात जे जे आडवं येतं ते एका जागी दाखवता यावं म्हणून आम्ही हे उदाहरण जुळवलं आहे. पण असा कागद हातात धरून नागपुरात आलेली माणसं खरी आहेत. त्यांतल्या एकाबद्दल वर्तमानपत्रांत आलंही आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

पहिल्या दोन फांद्या आधी बघू, कारण त्या भराभर वाढतात. त्या का वाढतात हे कळलं की तिसरी का अडते हे आपोआप कळतं.

डच फांदी. नेपोलियनने नेदरलँड्स आपल्या साम्राज्याला जोडलं आणि १८११ पासून देशभर जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. त्याच वर्षी हुकूम निघाला की ज्यांना आडनाव नाही त्यांनी ते घ्यावं. तोवर उत्तरेकडल्या खेड्यांत बऱ्याच जणांना आडनावच नव्हतं. यानचा मुलगा पीटर, तर तो पीटर यान्स. त्या पीटरचा मुलगा यान, तर तो यान पीटर्स. दर पिढीला शेवटचं नाव बदलणार. अमेरिकन माणूस हे पहिल्यांदा वाचतो तेव्हा डोकं धरून बसतो. आपल्याला यात नवल नाही. आपल्या जुन्या कागदांत ‘तुकाराम वल्द गणू’ लिहिलेलं असतं, ते हेच. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. नागपूरच्या तहसीलमध्ये जुनी नक्कल वाचलेल्या माणसाला डच वंशावळ अर्ध्या तासात समजेल, असं आम्ही गमतीने म्हणतो, पण ते बरंचसं खरं आहे.

१८११ च्या मागे गेलं की चर्चच्या वह्या लागतात : बाप्तिस्मा, लग्न, दफन. पुढे आलं की १८५० पासूनची लोकसंख्या नोंदवही आहे. तिच्यात घरातली माणसं, त्यांच्या तारखा, कोण कधी कुठून आलं आणि कुठे गेलं हेसुद्धा लिहिलेलं. यातलं पुष्कळ आज घरबसल्या संगणकावर दिसतं. जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी सगळ्यांना खुली होते. आमच्या मते त्या वह्यांतली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे : डच सरकारी नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावानेच राहते. शेजारीपाजारी तिला नवऱ्याच्या नावाने ओळखत असतील, पण वहीत ती बापाचीच मुलगी. त्यामुळे आईची आई, तिची आई, तिची आई, असं बायकांच्या बाजूनेसुद्धा सरळ मागे जाता येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकन फांदी यापेक्षा थोडी विस्कळीत, पण तीही चालते. १८४७ मध्ये आल्बर्टस फान राल्टे नावाचे धर्मोपदेशक आपल्या अनुयायांना घेऊन मिशिगनला गेले आणि त्यांनी हे हॉलंड गाव वसवलं. मागे देशात चर्चमधली फूट होती, आणि १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं होतं. त्याच्याही २०० वर्षं आधी डच लोक न्यूयॉर्कला होते, तेव्हा त्याचं नाव न्यू ॲमस्टरडॅम. १६६४ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं, पण बोली तगून राहिली. अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन घरी डच बोलतच मोठे झाले होते.

तिथला मुख्य आधार म्हणजे दर दहा वर्षांची शिरगणती. १७९० पासून आहे. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं. १८८० पासून आईबाप कोणत्या देशात जन्मले तेही विचारलेलं आहे. ७२ वर्षं झाली की नावानिशी कागद लोकांना खुले होतात. १९५० चे कागद २०२२ मध्ये खुले झाले. मधे एक भोक आहे : १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले. आडनावं बदलतात, दे योंगचा यंग होतो, यान्सेनचा जॉन्सन. लोक म्हणतात, बंदरावरच्या कारकुनाने बदललं. तसं नव्हे. प्रवाशांच्या याद्या जहाज सुटायच्या बंदरावर तयार होत. नाव बहुतेक वेळा माणसाने स्वतःच, शेजाऱ्यांना उच्चारता यावं म्हणून, नंतर बदललेलं असतं.

आपल्याकडे शिरगणती नाही का? आहे, १८७२ पासून आहे. पण जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे नावानिशी भरलेले तक्ते कोणालाच बघता येत नाहीत. ७२ वर्षांनी नाही, शंभर वर्षांनीही नाही. आकडे मिळतात, माणसं मिळत नाहीत.

तर मुलीच्या कागदावर दोन फांद्या १८११ च्या मागे गेल्या. आता तिसरी.

कागदावर इंग्रजीत लिहिलंय, ‘इतवारी, नागपूर’. तुम्ही म्हणाल, मग प्रश्न काय? पत्ता मिळाला! पण आपण इतवारीत बसून इतवारी म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? सराफ्याची ओळ, किराण्याचा घाऊक बाजार, त्यामागच्या गल्ल्या, का पार तिकडे रेल्वे स्टेशनपर्यंत? स्टेशनचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी आहे, पण १९७९ मध्ये ते नुसतं इतवारी होतं, आणि तिथे छोटी लाइन येत होती. उमरेड, भिवापूर, नागभीडकडची बाई त्या गाडीने आली तर ती इतवारीला उतरणार. सावनेर, सौंसर, छिंदवाड्याकडच्या लाइनचंही तेच. दवाखान्यात विचारलं, ‘कुठून आली?’ ती म्हणाली, ‘इतवारीहून.’ लिहिणाऱ्याने लिहिलं इतवारी. राहणारी ती भिवापूरकडची असेल. शिवाय गांधीबागेतला डागा दवाखाना बायकांचा, आणि मेयोही इथून जवळ. आजूबाजूच्या खेड्यांतल्या किती बाया तिथे बाळंत झाल्या असतील! म्हणजे हा शब्द राहण्याचा पत्ता असेल, उतरण्याचा असेल, किंवा बाळंतपणाचा.

आणि तो आणखी एका बाबतीत फसवा आहे. अमरावतीत इतवारा आहे, नांदेडला इतवारा आहे, भोपाळलाही आहे. टाइप करताना शेवटचं अक्षर चुकलं की शहरच बदललं. खंडव्याच्या सरू ब्रायर्लीची गोष्ट तुम्ही सिनेमात पाहिली असेल. लहानपणी हरवून तो कोलकात्याला पोचला, तिथून ऑस्ट्रेलियात दत्तक गेला. त्याच्या डोक्यात आपल्या मोहल्ल्याचं नाव ‘गिनेस्टले’ असं राहिलं होतं. निघालं गणेश तलाई. आणि स्वतःचं नाव सरू नव्हतं, शेरू होतं. म्हणून पहिला नियम : कागदावरचं नाव डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणून बघा. नागपुरी कानाने ऐका. आठवड्याच्या वारांवरून वस्त्यांना नावं देणारं शहर आहे हे. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, शनिवारी. परक्या कारकुनाने एका वाराच्या जागी दुसरा लिहिला तर त्याला दोष तरी काय द्यायचा?

आता हा कागद आला कुठून ते समजून घेऊ, कारण शोध तिथूनच सुरू करायचा असतो. पुष्कळ लोक नागपूरला येऊन थेट गल्लीत शिरतात. गल्ली शेवटी.

१९७९ मध्ये परदेशी जोडप्याला भारतात मूल कायद्याने दत्तक घेता येत नव्हतं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. मग वाट कोणती? १८९० चा पालक व पाल्य कायदा. परदेशी जोडप्याने जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालय त्यांना मुलाचे पालक नेमायचं, मूल देशाबाहेर न्यायला परवानगी द्यायचं, आणि खरं दत्तकविधान त्यांच्या देशातल्या न्यायालयात व्हायचं. म्हणजे एकाच मुलाच्या दोन देशांत दोन फायली. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्याला शिस्त लावली, न्यायमूर्ती भगवतींचा तो निकाल. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, जिला सगळे ‘कारा’ म्हणतात, ती आली. २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला. आपल्या उदाहरणातली बाई या सगळ्याच्या आधीची, म्हणून तिचा कागद पातळ.

पण पातळ असला तरी त्याच्या प्रती असतात, आणि इथेच हॉलंड आणि अमेरिका कामाला येतात. नागपुरातली वही भिजली असेल, वाळवीने खाल्ली असेल, संस्था बंद पडली असेल. पण मूल ज्या देशात गेलं त्या देशाने आत घेताना भारतीय कागदांच्या प्रती मागितल्या होत्या. नेदरलँड्समध्ये बालसंरक्षण मंडळाकडे आणि दत्तकविधान केलेल्या न्यायालयात त्या असू शकतात. मूल अमेरिकेत गेलेलं असेल तर इमिग्रेशन खात्याच्या फायलीत असतात. माहितीच्या अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली दत्तक गेलेली व्यक्ती आपली फाइल मागू शकते. त्या फायलीत नागपूरच्या न्यायालयाच्या आदेशाची प्रत निघते. आदेशावर प्रकरण क्रमांक आणि साल असतं. तो क्रमांक हातात आला की इथल्या अभिलेख कक्षात नक्कलचा अर्ज नेमका करता येतो. नाहीतर ‘१९७९ मधली सगळी प्रकरणं दाखवा’ म्हटलं तर कोण दाखवेल? नागपूरचा रस्ता ग्रोनिंगनच्या कपाटातून जातो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण अनुभव तसाच आहे.

त्या प्रकरणात काय मिळेल? मूल संस्थेत कधी आलं, कसं आलं. इथे दोन वाटा. एक, मूल बेवारस सापडलं. मग पोलीस ठाण्याची नोंद, जागा, तारीख, वेळ. दुसरी, आईने किंवा तिच्या घरच्यांनी मूल संस्थेच्या स्वाधीन केलं. मग स्वाधीनपत्र, त्यावर सही किंवा अंगठा आणि एक नाव. आणि ते नाव खरं असेलच असं नाही. लग्न न झालेली मुलगी, सोबत मामा किंवा मावशी, घरी सांगितलेलं की ‘नागपूरला काम लागलं आहे’. ती खरं नाव का लिहून देईल? आम्ही या खोट्या नावांकडे लबाडी म्हणून बघत नाही. त्या मुलीला तेवढंच कवच होतं.

समजा नाव खरं आहे. समजा ते आहे ‘कु. अमुक, वडील तमुक, मु. पो. तमकं गाव’. आता आठवा त्या डच बायका, मरेपर्यंत माहेरच्या नावाने राहणाऱ्या. आपली मुलगी पुढे लग्न करून गेली. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि पुष्कळ घरांत तर लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं, म्हणजे पहिलं नावही गेलं. मतदार यादीत ती वेगळी, रेशनकार्डात वेगळी, जुन्या शेतीच्या कागदात ‘जौजे’ अमका म्हणून नवऱ्याच्या पाठीमागे. एकाच बाईचे तिन्ही शब्द वेगळे. बाप सापडतो, आजा सापडतो, ती सापडत नाही. आपल्या वंशावळी पुरुषांच्या मार्गाने सात-सात पिढ्या चालतात आणि बाईच्या मार्गाने दुसऱ्याच पायरीला अडतात. आपल्यापैकी किती जणांना आजीचं माहेरचं पहिलं नाव माहीत आहे? हात वर करायला लावत नाही.

तरी बापाच्या नावावरून घराणं मिळू शकतं, आणि या कामात विदर्भ इतका मागे नाही जितकं आपल्याला वाटतं. कोतवाल बुक आहे ना! गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा : तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचं नाव बहुधा नसायचंच, अजून ठेवलेलंच नसायचं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आहे. बंदोबस्ताची मिसल आहे, अधिकार अभिलेख आहे. शहरात जन्म-मृत्यूची नोंद आधी नगरपालिकेकडे होती, नागपूरची नगरपालिका १८६४ ची. १९५१ पासून महानगरपालिका. ही सगळी नावं इथे बसलेल्यांना पाठ आहेत, कारण जात पडताळणीसाठी आपण सगळे या खिडक्यांवर उभे राहिलो आहोत. अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या, इतर मागासांना १९६७ च्या आधीचा. प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. पणजोबा आपल्याला तहसीलमध्येच भेटतात! हसू नका, अमेरिकेत जे लोक छंद म्हणून करतात ते आपल्याकडे मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी करावं लागतं. पण त्यामुळे एक फायदा झाला. कित्येक घरांत वंशावळीची फाइल तयार पडलेली आहे.

भाटांच्या पोथ्या आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या यांचं नुसतं नाव घेतो. त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार इथे घराण्यागणिक नोंदी आहेत. हरिद्वारच्या बऱ्याच वह्या अमेरिकेतल्या युटाहच्या वंशावळ संस्थेने चित्रित करून ठेवल्या आहेत. पण दत्तक गेलेल्या मुलीला त्यांचा उपयोग घराणं सापडल्यानंतर, आधी नाही.

आता लोक म्हणतात, एवढं कशाला? लाळेची चाचणी करा, डीएनए सांगेल. करा ना. पण ते काय सांगतं ते नीट समजून करा. चाचणी दोन माणसांत किती अंश सारखा आहे ते मोजते, त्या मापाला सेंटिमॉर्गन म्हणतात. आई आणि मूल यांच्यात साधारण ३४००, सख्ख्या भावंडांत २६०० च्या आसपास, चुलत-मावस भावंडांत ८५० च्या आसपास. खाली जावं तसा अंदाज सैल होतो. आणि आपल्याकडे दोन गोष्टी अडतात. एक, ही तुलना फक्त चाचणी केलेल्यांशी होते, आणि नागपूरकडच्या खेड्यात कोण चाचणी करतं? दुसरी, आपण पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं केली, काही समाजांत मामाच्या मुलीशीही. त्यामुळे दूरचा नातेवाईकसुद्धा आकड्यात जवळचा दिसतो. आलेला आकडा बघून ‘मावसबहीण सापडली’ म्हणून पेढे वाटू नका.

डीएनए एका ठिकाणी मात्र खरोखर काम करतं, ते म्हणजे दत्तक गेलेल्या दोन माणसांमध्ये. कारण ती चाचणी करतात. एक मूल एका देशात, दुसरं दुसऱ्या देशात, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, आणि पन्नाशीत संगणक सांगतो, हा तुमचा सख्खा भाऊ. वेगवेगळ्या देशांतून दत्तक गेलेल्यांच्या बाबतीत असं घडलेलं आहे. म्हणून डच आणि अमेरिकन, दोन्हीकडच्या लोकांनी आपली चाचणी एकाच यादीत यावी अशी काळजी घ्यावी. मुलीच्या कागदावरची तिसरी फांदी नागपुरात सापडायच्या आधी कदाचित ओहायोत सापडेल.

आता त्या खऱ्या माणसाबद्दल. नेदरलँड्समध्ये हेमस्टेडे नावाच्या गावाचे महापौर आहेत फाल्गुन बिनेनडाइक. १९८५ मध्ये काही दिवसांचे असताना ते नागपुरात मातृसेवा संघात आले. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली ही संस्था तुम्हाला सांगायला नको. फाल्गुन हे नाव तिथल्या परिचारिकेने महिन्यावरून ठेवलं. डच आईवडिलांनी ते बदललं नाही. आज डच महापौराच्या दारावर मराठी महिन्याचं नाव आहे! ते नागपूरला येऊन आईचा शोध घेत आहेत, आणि हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. आमच्यासारख्यांना यात एक धडा दिसला तो नावाचा. अशा वेळी नाव आईने दिलेलं नसतं, पण ते पुरावा असतं. कोणाची पाळी होती, कोणता महिना होता, कोणी त्या बाळाकडे नीट बघितलं.

नेदरलँड्समध्ये या विषयाला अलीकडे धार आली आहे. यौस्ट्रा समितीने १९६७ ते १९९८ या काळातली परदेशी दत्तक प्रकरणं तपासली. पाच देश मुख्य होते : बांगलादेश, ब्राझील, कोलंबिया, इंडोनेशिया आणि श्रीलंका, भारत त्या पाचांत नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल आला, त्यात खोटे कागद आणि गैरप्रकार निघाले, आणि सरकारने परदेशातून दत्तक घेणं तडकाफडकी थांबवलं. पुढे काही देशांपुरतं सुरू झालं, पण २०२४ मध्ये ते टप्प्याटप्प्याने कायमचं बंद करायचं ठरलं. यामुळे तिथल्या चाळिशी-पन्नाशीतल्या कित्येकांच्या मनात पहिल्यांदाच आलं की आपला कागद खरा आहे का? इकडे येणारे प्रश्न त्यामुळे वाढतील, आणि प्रश्न विचारणारी व्यक्ती घाबरलेली असेल हे धरून चला.

पण शोधाची दुसरी बाजू आपल्या गल्लीत राहते. आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कागदावरच्या बापाच्या नावावरून आम्ही एका वस्तीत गेलो. उत्साह होता, हातात फोटो होता. पानठेल्यावर विचारलं, मग एका ओट्यावर विचारलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘काऊन जी, कोणाच्या घरचा शोध घेऊन राहिले?’ आम्ही अर्धवट काहीतरी सांगितलं. आम्हाला वाटलं, अर्धवट सांगितलं म्हणजे जपून सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्या आडनावाच्या घरातल्या एका साठीच्या बाईला तिच्या सुनेने विचारलं होतं, ‘तुमचं परदेशात कोणी आहे का?’ ती बाई ती नव्हतीच. तारखा जुळत नव्हत्या, गावही वेगळं निघालं. पण तिच्या घरात तो प्रश्न आता शिरला आणि तो आमच्याकडून परत काढता येत नाही. आम्ही जाऊन माफी मागितली. तिने चहा दिला आणि एवढंच म्हणाली, ‘पुन्हा येऊ नका.’

ती खरोखरच ती आई असती तर? चाळीस-पंचेचाळीस वर्षं नवऱ्याला, मुलांना न सांगितलेली गोष्ट पानठेल्यावरून घरी आली असती.

कायदा याबद्दल स्पष्ट आहे. १९८४ च्या निकालातच होतं की मूल मोठं झालं की त्याला माहिती द्यायला हरकत नसावी. २०२२ च्या दत्तक नियमांत मुळांच्या शोधाची वेगळी तरतूद आहे. अठरा वर्षांवरच्या दत्तक व्यक्तीला आपली माहिती मागता येते. मूल बेवारस सापडलेलं असेल तर ते कुठून, कसं आलं हे सांगता येतं. आईने स्वाधीन केलेलं असेल आणि आपली ओळख देऊ नका असं तिने सांगून ठेवलं असेल, तर संस्थेने तिची लेखी संमती घ्यायची. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मूल का आणि कोणत्या परिस्थितीत दिलं एवढं सांगायचं. मुलाचा हक्क आईच्या खासगीपणावर चढू नये, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. आणि तिसऱ्या माणसाने हा शोध घ्यायचा नाही. तिसरा माणूस म्हणजे आम्ही, तुम्ही, चौकातला उत्साही भाऊ आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकणारा भाचा.

यावर प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे : मग त्या मुलीने जन्मभर न कळता राहायचं का? डच मुलाला पणजोबाच्या पणजोबाचा व्यवसाय कळतो आणि हिला आईचं नाव कळू नये? आमच्यात यावर एकमत नाही, ते लपवत नाही. आमच्यातले काही म्हणतात, कागद तरी पूर्ण द्यावा, नाव झाकायचं तर झाका, पण वय, गाव, घरची परिस्थिती, आजार, भावंडं हे सगळं द्या. काही म्हणतात, लहान गावात एवढं सांगितलं की नाव सांगितल्यासारखंच आहे. एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे की आईला विचारायचं ते एकदाच, एकटीला, आणि ज्याला ते काम येतं त्यानेच. आणि ‘नाही’ म्हणाली तरी चिठ्ठी ठेवून यायची परवानगी मागायची. कित्येकदा ‘नाही’ ही पहिल्या दिवसाची असते.

मघाशी चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, त्या मुलीने शाळेत काय दाखवायचं? आम्ही असं सुचवू. तीन फांद्या काढ. पहिल्या दोघींवर तारखा शाईने लिही. तिसरीवर पेन्सिलने : आजी, नागपूर, इतवारी किंवा इतवारीमार्गे, १९७९, नाव माहीत असणारी एक व्यक्ती बहुधा जिवंत आहे. बाजूला संस्थेचं नाव, प्रकरण क्रमांक, आणि ज्या परिचारिकेने आईला दूध पाजलं असेल तिच्यासाठी एक रिकामी चौकट. डच फांदीवर अशी चौकट नसते, कारण तिथल्या वहीत दूध पाजणाऱ्याची नोंद नाही.

आणि तुमच्यापैकी कोणाकडे असा फोन आला, हॉलंडहून म्हणा की अमेरिकेहून, तर पहिल्याच दिवशी तिकीट काढायला सांगू नका. आधी तिकडची फाइल मागवायला सांगा, तिला महिने लागतात. अर्ज त्या व्यक्तीने स्वतःच्या सहीने करायचा, तुमच्या नव्हे. न्यायालयाचा क्रमांक आला की कळवायला सांगा. मग नक्कलच्या खिडकीवर कोणत्या दिवशी गर्दी कमी असते, ते आम्ही सांगू.